नवीन काही नाही

"जे गप्प आहेत त्यांना आधी विचारायचं, सूनबाई. आणि विचारलं की जरा थांबायचं. लगेच पुढे पळायचं नाही."

सासऱ्यांचा आवाज तिला आठवला, तेवढ्यात पुतण्याने घड्याळ थांबवलं.

"पाच पॉइंट सहा," तो म्हणाला. "काकू, अजून साडेतीन सेकंद जास्त आहेत."

सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती. बातम्या वाचायचा हा प्रोग्रॅम त्यांचा. उघडला की इंटरनेटवर ठिकठिकाणी कोणी काय नवीन लिहिलंय ते विचारून यायचा आणि सगळं एका पानावर मांडायचा. बारा वाचनालयांना तो हवा होता. पण ग्रंथपालबाईंनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, दोन सेकंदांत पान दिसलं पाहिजे. आमचे कॉम्प्युटर म्हातारे आणि वाचक उतावळे. त्या एक वाजता फोन करणार होत्या. जमलं तर हा, नाहीतर दुसरा कुठला. मग हा कोणीच उघडणार नव्हतं.

सकाळपासून दोघं प्रोग्रॅममध्ये मुळातच चालू असलेल्या सोयी एकेक करून काढत होती. चित्रं गेली. हवामानाची पट्टी गेली. शब्द सुचवणारी चौकट गेली तेव्हा पुतण्या म्हणाला, "हिच्यासाठी कोणी रडणार नाही." आता एकच उरली होती. सासऱ्यांनी स्वतः निवडलेली एक्केचाळीस ठिकाणं. त्यांतल्या कोणीही कित्येक वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती, तरी प्रोग्रॅम रोज आधी त्यांनाच विचारायचा. विचारत राहीन, असा शब्द तिने सासऱ्यांना दिला होता.

"चार सेकंद इथेच जातात," पुतण्या म्हणाला. "मेलेल्यांच्या दारात रोज चार सेकंद!"

"मेलेत असं कोणी सांगितलं तुला?"

"अगं, ही मधमाश्यांवर लिहिणारी बाई बघ. सात वर्षं झाली. हा नदीचं पाणी मोजणारा, अकरा वर्षं. अकरा वर्षं नदी काय थांबली होती?"

"पान आधी दाखवू आणि यांना मागाहून गुपचूप विचारू. नाही चालणार?"

"वाचनालयांतल्या त्या जुन्या डबड्यांना एका वेळी एकच काम झेपतं, काकू. पान दिसेल, पण तेवढा वेळ वर-खाली सरकणार नाही."

कोणाला विचारलं आणि काय उत्तर आलं, याची नोंद प्रोग्रॅम स्वतःच ठेवायचा. ती नोंद तिने आजवर कधी उघडली नव्हती. आता उघडली. पडदा भरून एकच शेरा होता: उत्तर नाही. उत्तर नाही. उत्तर नाही. ती सावकाश खाली जात राहिली. मधेच तिचा हात थांबला.

"हे बघ रे."

एका ठिकाणासमोर वेगळंच लिहिलेलं होतं. आहे. नवीन काही नाही.

त्याच्या आदल्या दिवशीही तेच. त्याच्याही आदल्या दिवशी तेच. पुतण्याने खुर्ची पुढे ओढली. महिने मागे सरकले, वर्षं सरकली. तीन हजारांवर ओळी, एकही दिवस चुकलेला नाही.

तिने ते ठिकाण उघडलं. डोंगरावर दुर्बीण लावून बसणाऱ्या कोणाचं तरी होतं. शेवटचं टिपण नऊ वर्षांपूर्वीचं, तीन वाक्यांचं: 'आज ढग. कालपर्यंत तारा मंदच, आजोबांनी उजळलेला पाहिला तेव्हा ते माझ्याएवढे होते. उजळला की लिहीन.'

बाहेर कोणीतरी दुचाकी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ते बंद झालं.

"उत्तर मशीनच देतं, काकू," पुतण्या म्हणाला. पण त्याचा आवाज खाली आला होता. "माणूस नाही बोलत."

"आणि मशीन चालू कोण ठेवतं, नऊ वर्षं?"

त्याने नोंदीवर हळूच बोट ठेवून दाखवलं. "याला वेळच लागत नाही, बघ. विचारायच्या आत उत्तर हजर. चार सेकंद त्या बाकीच्या चाळीस जणांचे आहेत."

"म्हणजे एकेकापाशी आपण थांबतो किती?"

"सेकंदाचा दहावा भाग."

ती एकदम हसली. "कडी वाजवून पळून जायचं झालं की हे! एवढ्यात तर कोणी अंथरुणातून उठणारही नाही."

दुर्बीणवाल्याला तिने होता तिथेच ठेवलं. चाळीस पत्ते एका वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घेतले, दोनदा ताडून पाहिले आणि मग प्रोग्रॅममधून काढले. पुतण्याने घड्याळ लावलं. पान डोळ्यांसमोर असं आलं की त्याला बटण दाबायचं भानच राहिलं नाही. पुन्हा लावलं. एक पॉइंट सहा.

एक वाजता ग्रंथपालबाईंचा फोन आला. "जमलं का हो?" "जमलं." "काही राहिलं तर नाही ना मागे?" "राहिलंय थोडं. ते माझ्याकडे आहे."

पुतण्याने डबा उघडला. "ये जेवायला. गार होतंय."

"तू बस. मला चाळीस मिनिटं लागतील."

"आज?"

"रोज."

तिने वही उघडून पहिल्या पत्त्यावर बोट टेकवलं. नदीचं पाणी मोजणारा. अक्षर न् अक्षर बघून पत्ता टाइप केला, विचारलं, आणि मिनिटकाटा पुढच्या घरात जाईपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवून ती थांबली.