लपायची खोली

समजा, तुम्ही दहा वर्षांचे आहात. तुमच्या घराच्या माळ्यावर एक अनोळखी बाई उभी आहे, आणि तिच्यावर नजर ठेवायचं काम तुमच्याकडे आहे. बाई काहीच करत नाही. नुसती एका दाराकडे बघत राहते. अशा माणसाचा संशय येईल की नाही?

नेल्डालाही आला.

अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या काठावरचं ते तिमजली विटांचं घर तिच्या खापरपणजोबांनी बांधलेलं. गुलामगिरीच्या काळात नदीच्या अलीकडे, इलिनॉयमध्ये, काळी माणसं स्वतंत्र होती. पलीकडे ती विकली जात. पलीकडून पळून आलेल्या गुलामांना नेल्डाच्या क्रॅनफिल घराण्यानं माळ्यावरच्या खोलीत लपवलं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. त्याच दुपारी त्या कामगिरीबद्दल राज्य सरकारचा पितळी फलक घरासमोर लागणार होता. अंगणात बँड जमला होता. आणि हॉलिस आजोबांचा घसा बसल्यामुळे घराची गोष्ट या वेळी पहिल्यांदाच नेल्डा सांगणार होती.

तेवढ्यात या बाई आल्या. मिसेस टॉलिव्हर. काळ्या, म्हाताऱ्या, डोक्यावर रविवारची हॅट. कार्यक्रमाआधीच खोली बघायची आहे म्हणाल्या.

"नेल्डे, तूही जा वर," आजोबा कानात कुजबुजले. "मागं एकानं खिडकीची मूठ खिशात घालून नेली होती. गोड बोलतात आणि घर उचलतात."

म्हणून नेल्डा त्यांच्या हातातल्या पर्सवरून नजर हलवत नव्हती.

"आत या ना," ती म्हणाली. "सगळे आतच जातात. उकिडवं बसायचं, दिवा बंद करायचा आणि श्वास रोखायचा. मजा येते."

"मी इथंच बरी."

बाईंनी पर्स उघडली. नेल्डानं मान उंच केली. आतून रुमाल निघाला. बाईंनी तो तोंडाला लावला नाही. त्या रुमालानं दाराची चौकट पुसली, वरपासून खालपर्यंत, सावकाश. पुसता पुसता बोटं थांबत होती.

"आतल्या त्या खिडकीला गज कशाला गं?"

"गुलाम पकडणाऱ्यांनी आत येऊ नये म्हणून," नेल्डानं पाठ केलेलं उत्तर दिलं.

"तिसऱ्या मजल्यावर? बगलेत शिडी मारून फिरायचे की काय ते?"

नेल्डाला हसू फुटणार होतं. मग राग आला. हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

"खिडकीतून नदी दिसते?" बाईंनी विचारलं. "मधे बेट आहे ना? लांबट, माशासारखं?"

"तुम्ही तर आत गेलाच नाहीत! तुम्हाला कसं माहीत? आधी आला होतात इथं?"

"मी नव्हते आले."

बाईंचा काहीतरी डाव आहे, अशी आता मात्र नेल्डाची खात्री पटली. "मी आजोबांना हाक मारीन हं."

"मार की. पण आधी एक कर. तुला लपायची एवढी हौस आहे ना? आत जा, दार लाव आणि मला आत येऊ देऊ नकोस. मी तुला पकडायला आलेय, समज."

हा तर नेल्डाचा रोजचा खेळ. ती आत शिरली आणि जाड दार ओढून घेतलं. पहिल्यांदाच कडीसाठी हात फिरवला. कडी नव्हती. वर चाचपलं, खाली चाचपलं. कडी तुटून पडल्याची खूणही नव्हती. फळी गुळगुळीत होती. दुसऱ्या बाजूनं बाईंनी एका बोटानं ढकललं आणि दार उघडलं.

"पकडली," बाई म्हणाल्या. पण त्या हसल्या नाहीत. "आता बाहेर ये. ही बाजू बघ."

नेल्डा बाहेर आली. जन्मापासून ती या घरात राहत होती, पण येणाऱ्या प्रत्येक माणसासारखी तीही सरळ आत धावायची. दाराच्या बाहेरच्या अंगाकडे तिनं कधी निरखून पाहिलं नव्हतं. रंगाखाली चौकटीच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढी भोकं होती, पुट्टीनं बुजवलेली. समोरासमोर. वर दोन, खाली दोन. आडवा अडसर बसतो तिथंच.

"कडी बाहेरून होती," नेल्डा हळूच म्हणाली.

"हो गं."

"पण बाहेरून कडी लावली तर आतल्या माणसाला..."

तिनं बुजवलेल्या एका भोकावर बोट ठेवलं.

बाईंनी रुमालाची घडी केली. "माझ्या पणजीची आई स्वतंत्र होती. याच काठावर लोकांचे कपडे धुवायची. एका संध्याकाळी तिला उचललं. उंच खोलीत कोंडलं. गजांतून तिला नदी दिसायची आणि माशासारखं बेट. मग होडीत घालून पलीकडे नेलं आणि विकलं. तिनं लेकीला सांगितलं, लेकीनं तिच्या लेकीला. घर कुठलं ते मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. मी नदीकाठची किती घरं पाहिली, तेही आता आठवत नाही."

खाली बँड थांबला. आजोबांचा घोगरा आवाज आला, "नेल्डे! लोक खोळंबलेत. ये लवकर, गोष्ट सांग!"

नेल्डा बाईंकडे वळली. "मी काय सांगू?"

"ते मी कसं सांगणार, पोरी?" बाई म्हणाल्या. "घर तुझं आहे."

नेल्डा जिन्यापर्यंत गेली. एक पायरी उतरली. मग परत फिरली, खोलीत शिरली, खिडकीशी गेली आणि दोन्ही हातांनी गज धरले. खाली अंगणात माणसांनी माना वर केल्या. फलकावरच्या कापडाची दोरी आजोबांच्या हातात होती.

"आजोबा, ती दोरी ओढू नका!" ती ओरडली. "आधी सगळ्यांना घेऊन वर या. पण आज आत कुणी जायचं नाही. दाराबाहेर उभं राहायचं."