आदिगुनबाबांची खोली

गोऱ्या साहेबाने पहिला प्रश्न केला तो आयिंकेला. काल सणात ज्या एगुंगुनने सरकारी शिपायाला छडीने फोडून काढलं, त्याच्या कापडात कोण होतं?

"माझे सासरे," ती म्हणाली. "आदिगुनबाबा."

यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे उत्तर पाठ असतं. एगुंगुन म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत कापडाचं सोंग घेऊन भेटीला आलेले पितर, आणि कापडातला माणूस ओळखला तरी बाईने तसं दाखवायचं नसतं. आदिगुनबाबा डावा पाय घासत चालायचे. कापड चढवलं की ती चाल आणायला तिचा नवरा ओगुंदेले आटापिटा करायचा, पण ती त्याला कधी साधली नाही. आयिंके पदराआड हसायची. काल संध्याकाळी तिने त्याचे खांदे तेलाने चोळून दिले, कशाने दुखतात ते विचारलं नाही.

साहेबाने नाव लिहून घेतलं. शिपायांनी घर धुंडाळलं, म्हातारा सापडला नाही. घरातले सातही पुरुष त्यांनी अंगणात भिंतीशी ओळीने उभे केले.

"पळाला वाटतं तुझा सासरा," दुभाष्या म्हणाला. "एवढाच का त्याचा जोर?"

तिला ते झोंबलं.

"आमचे बाबा कुणाला भिऊन पळत नाहीत. आतल्या खोलीत आहेत ते. जमिनीखाली."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. घरात माणूस पुरायला सरकारने केव्हाच बंदी केली होती, आणि बाबांना तिथे मातीआड करून पुरती चार वर्षंही झाली नव्हती. दुभाष्या आमच्यातलाच, त्याला सगळं कळलं. पण साहेबाला त्याने तिचे शब्द तेवढे जसेच्या तसे सांगितले, पुरल्याचं नाही. साहेबाला वाटलं, लपायला भुयार केलंय. खणा म्हणाला.

शिपाई उत्तरेकडचे. आमच्या पितरांशी त्यांना काय देणंघेणं? आतून कुदळीचा पहिला घाव ऐकू आला. दुसऱ्या घावाला ओगुंदेले ओळ सोडून पुढे आला.

"थांबवा ते. कापडात मी होतो."

बायकांनी कानांत बोटं घातली. असं आमच्या गावात आजवर कोणी बोललं नव्हतं. साहेबाने त्याला बेड्या ठोकल्या. ते कापड देवराईतल्या खोपटात कुलपात ठेवतात; त्याची एकच किल्ली, ती ओगुंदेलेच्या कमरेला लोंबत होती. म्हणजे बाई खोटं बोलली, साहेब म्हणाला. मग खाली आहे तरी काय? खणणं चालू ठेवा.

आयिंके नवऱ्याकडे बघेना. नवराही गेला, सासऱ्यांची हाडंही निघणार, आणि सगळं आपल्या एका बोलण्यापायी.

तेवढ्यात अंगणाच्या दारात कापड सळसळलं. लाल-निळ्या पट्ट्यांचा कालचाच घेर, तोंडावर कवड्यांची तीच जाळी. ढोल नाही, सोबतीला कोणी नाही. आतली कुदळ थांबली. आयिंकेने भिंतीकडे पाहिलं. सहा जण तिथेच उभे होते, सातव्याच्या हातात बेड्या होत्या आणि किल्ली त्याच्या कमरेलाच होती.

एगुंगुन अंगण ओलांडून आतल्या खोलीकडे निघाला. डावा पाय घासत. मातीत त्याची रेघ उठत गेली.

"सूनबाई," घोगरा आवाज आला, "माझ्या उशाशी कोण खणतंय?"

साहेबाने विचारलं, हा कोण. दुभाष्या गुडघ्यांवर बसला होता, तिथूनच त्याने ते तिला दोनदा विचारलं.

मघाशी जे नाव तिने चटकन सांगितलं होतं, ते आता तिच्या तोंडून निघेना.