राणीची सही

"तेरा माणसं," रविकांत म्हणाले. "फक्त तेरा. १८९३ साली त्यांनी राणीला हटवायला हवाईत एक समिती काढली आणि तिला नाव दिलं सुरक्षा समिती."

"कोणाची सुरक्षा?" शिवांगीने विचारलं.

"छान. हा प्रश्न लिहून ठेव."

तिने वही पुढे ओढली. अकरा वर्षांची, एक वेणी, अक्षर टपोरं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोज दोन ते चार इतिहास असायचा. कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये सकाळपासून बर्फ पडत होता. रविकांतांनी दोनदा फावड्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला होता आणि दोन्ही वेळा शेजाऱ्याने हात केला होता.

वर काठी आपटली. ठक, ठक.

"आजी बोलावतेय."

"बोलावू दे. चार वाजता जायचंच आहे वर."

चार वाजता माधवी वकील येणार होत्या. गंगुबाईंनी मुखत्यारपत्रावर सही केली की घराचा कारभार रविकांतांकडे येणार होता. मग घर विकायचं आणि गंगुबाईंची सोय वृद्धाश्रमात करायची. ऑक्टोबरात व्याही म्हणून नातीला घेऊन ते इथे आले, तेव्हापासून हेच चाललं होतं. गंगुबाई सही करत नव्हत्या. एक्याऐंशी वर्षांची बाई, दुमजली घरात एकटी. मुलगा देवेश भांडून अमेरिकेत गेला, त्याला बारा वर्षं झाली. एक फोन नाही.

"मग अमेरिकन जहाजावरून सैनिक उतरले," रविकांत पुढे सांगू लागले. "कोणाला मारलं नाही. नुसते रस्त्यात उभे राहिले."

"दॅट्स इट?"

"तेवढं पुरतं. गंमत बघ, त्याच काळात अमेरिकेत सुधारणेचं वारं होतं. गुप्त मतदान हवं, लाचखाऊ पुढारी नकोत. आणि बाहेर मात्र दुसऱ्याची बेटं घ्यायची. त्यांच्याच भल्यासाठी, म्हणे."

"त्यांना खरंच तसं वाटायचं?"

"काहींना अगदी मनापासून. अशी माणसं फार उपयोगी पडतात."

शिवांगीने तेही लिहिलं.

"पुढे राणीला तिच्याच राजवाड्यात, वरच्या मजल्यावर कोंडलं. समोर कागद ठेवला. राज्य सोडलं, असं लिहून दे."

"तिने सही केली? व्हाय?"

"तू सांग."

शिवांगीने पेन्सिल ओठांवर टेकवली. "घाबरली?"

"स्वतःसाठी नाही. तिची माणसं तुरुंगात होती. सही केलीस तर ती जगतील, असं तिला सांगितलं गेलं." त्यांनी चष्मा पुसला. "धमकीला माणूस नाही म्हणू शकतो, बाळा. आपलं माणूस पुढे आणलं की नाही म्हणता येत नाही."

बेल वाजली.

माधवींनी बूट काढले तोच शिवांगीने वाकून नमस्कार केला.

"अगं बाई! आमचा अथर्व 'हाय आँटी' म्हणतो आणि बेसमेंटमध्ये पळतो. काय शिकवता काका हिला?"

"इतिहास," रविकांत हसले. "चहा?"

"आधी काम." त्यांनी फाइल उघडली, मग जरा घुटमळल्या. "खरं तर तुमचं एखादं आयडी बघायला हवं. पण आपल्याच माणसाकडे काय मागायचं! नंतर ईमेल करा सावकाश. आजींशी मात्र मला एकटीने बोलावं लागेल. नियम आहे."

"अवश्य. मी खालीच थांबतो. शिवांगी आली तर चालेल ना? नात जवळ असली की त्या शांत असतात."

"चालेल की. लहान मूल आहे."

वरच्या खोलीत गंगुबाई खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर काठी आडवी.

"तो खालचा माणूस माझा कोणी नाही," त्या म्हणाल्या. "त्याने माझा फोन नेला."

माधवींचा चेहरा मऊ झाला. त्यांची स्वतःची आई शेवटी असंच बोलायची. "आजी, ते तुमचे व्याही आहेत. विसरायला होतं. आणि ही कोण, सांगा बरं?"

गंगुबाईंनी मुलीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"देवेशला मुलगी झाली, एवढं कानावर आलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला कोणी दाखवली नाही."

शिवांगी खाली बसली आणि तिने म्हातारीच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. "आजी, डोंट बी स्केअर्ड. मी आहे ना."

गंगुबाईंचा हात उचलला गेला. हवेत थोडा थांबला. मग त्या वेणीवर आला आणि तिथेच राहिला.

"मी सही केली नाही तर तो हिला घेऊन जाईल," त्या म्हणाल्या. हे त्या माधवींना सांगत होत्या की स्वतःला, ते कळलं नाही. "आणि केली तर? येशील ना भेटायला, तिकडे?"

"रोज," शिवांगी म्हणाली.

माधवींनी रुमालाने डोळे टिपले. "कोणी जबरदस्ती करत नाहीये ना, आजी?"

"नाही," गंगुबाई म्हणाल्या. "द्या पेन."

पावणेपाचला माधवींची गाडी बर्फातून हळूहळू वळून दिसेनाशी झाली. रविकांतांनी दाराला कडी घातली. वर शांतता होती. काठी आपटत नव्हती.

ते टेबलाशी येऊन बसले. शिवांगी वहीतलं पान भरत होती.

"आजचा धडा समजला?"

"हो, सर."

"काही शंका?"

शिवांगीने पेन्सिल खाली ठेवली आणि वेणी सोडून केस मोकळे केले.

"एकच," ती म्हणाली. "पुढच्या घरात माझं नाव काय असेल?"