ढोलीतली चोच

यांत्रिक धनेश बेहड्यावर उतरला. चोचीत पक्कं बसवलेलं प्लास्टिकचं उंबर त्याने ढोलीच्या फटीत घातलं, फोटोपुरता थांबला आणि ते तसंच बाहेर काढून उडाला.

“अगदी खऱ्यासारखा!” झुडपाआडून फोटो घेणारी सुनेत्रा म्हणाली. “आणि ढोलीचं तोंड काय सुरेख लिंपलंय तुम्ही! खरे धनेश होते तेव्हा मादी अंडी घालायला अशीच स्वतःला आत कोंडून घ्यायची आणि नर तिला फटीतून भरवायचा ना?”

“लिंपलंय?” देवराई सांभाळणारे दत्ताराम गुरव चमकले. “ताई, आमच्याकडे नुसता नर आहे. मादी फोटोत दिसत नाही, म्हणून कंपनीने ती बनवलीच नाही.”

सुनेत्राने पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला. मातीच्या फटीतून एक चोच बाहेर आली होती. उघडी, थरथरणारी.

“खरी आहे हो,” ती पुटपुटली. “कुठेतरी एक उरली होती. ह्यालाच नर समजून आत बसलीय, आणि हा तिला काहीच भरवत नाहीये.”

दत्ताराम धावले. शेजारच्या उंबराखाली पडलेली पिकली फळं टॉवेलात गोळा करून, शिडीवर चढून त्यांनी एक फळ फटीशी धरलं. चोच झटकन आत गेली.

“घे गो बाय,” ते कितीतरी वेळ विनवत राहिले.

शेवटी ते खाली उतरले. तेवढ्यात नर परत आला. त्याने तेच उंबर पुढे केलं, आणि चोच लगबगीने बाहेर आली.