तुलनेला ठेवलेलं गाव

हौसाबाईचं तोंड स्वच्छ निघालं, तेव्हा डॉक्टर शुभदाने कपाळावरचा घाम पुसला.

कॅन्सरच्या डॉक्टरणीला निरोगी तोंड बघून घाम फुटावा, हे खाडीकाठाला नवीनच होतं. पण शेजारी त्र्यंबकराव टॉर्च घेऊन वाकले होते. वागळे इस्टेटमधल्या कारखानदारांनी मिळून काढलेल्या ट्रस्टचे ते चिटणीस. सगळा जन्म लेथ मशीनवर गेलेला, त्यामुळे माल हाताळून बघितल्याशिवाय त्यांचा पैसा सुटत नसे. शुभदाच्या संशोधनाला पुढे पैसे द्यायचे की नाही, ते आज या ओट्यावर ठरणार होतं. ते नाही म्हणाले, तर शहाडपर्यंतची गावं घ्यायचा बेत गुंडाळायचा आणि घरी बसायचं.

"हिरड्या झकास," त्र्यंबकराव म्हणाले. "पुढची बाई."

पुढची मंजुळा. तिच्यामागे चंद्रभागा, मग जनाबाई. मासळीच्या पाट्या बाजूला ठेवून सगळ्या ओळीने 'आ' करून बसल्या होत्या. एकीच्याही दातांवर मशेरीचा कण नव्हता.

खरं तर बेत सोपा होता. खाडीच्या अल्याड हा कांदळपाडा, पल्याड शिंपलेपाडा. दोन्हीकडे कोळीच, आणि दोन्हीकडच्या बायका तंबाखू भाजून केलेली मशेरी दिवसातून चारदा दातांना लावणाऱ्या. शिंपलेपाड्याला मशेरीने तोंडाचा कॅन्सर कसा होतो, ते वर्षभर समजावायचं. कांदळपाड्याला नुसतं तपासायचं, बोलायचं काही नाही. शेवटी दोन्हीकडची तोंडं बघायची. पल्याड मशेरी सुटली आणि अल्याड तशीच राहिली, की समजावण्याचा उपयोग सिद्ध. मग अल्याडही समजवायचं. सकाळी शिंपलेपाड्यात निम्म्या बायकांनी मशेरी सोडलेली निघाली होती. होडीतून अल्याड येताना शुभदा चक्क गुणगुणत होती.

त्र्यंबकरावांनी टॉर्च विझवला. "म्हणजे जिथे आमच्या पैशाने पडदा लावून चित्रं दाखवलीत, तिथे निम्म्या लावतात. जिथे काहीच केलं नाहीत, तिथे एकही नाही. बाई, आम्ही पैसे मशेरी टिकवायला दिले होते का?"

शुभदा हौसाबाईकडे वळली. "अहो, तुम्हाला सोडायला कुणी सांगितलं?"

"कुनी नाय सांगितला. म्हनून तर सोडली."

"म्हणजे?"

"तुला मी इचारला, पल्याड पडदा लावतंस, चाय पाजतंस, आमाला नुसता तोंड उघडाय लावतंस. आमाला पन कायतरी सांग. तू बोलली, तुमाला तुलनेला ठेवलंय." हौसाबाईने पदर खोचला. "मंग आमी देवलात बसलो. त्या शिंपल्यांना शहाना करनार, नि आमाला येडा ठेवून त्यांच्यासंगती मापनार. वर्साच्या शेवटाला हीच बाय बोलंल, बघा, ते कवढे सुधारले. हे आमी ऐकून घ्यायचा?"

"पण पल्याड काय सांगतात, ते तुम्हाला कळलं कसं?"

"आमच्या अर्ध्या सुना तिकडच्याच ना. भांडान आपल्या जागी, सोयरीक आपल्या जागी."

देवळात ठराव झाला होता. जिच्या तोंडात मशेरी दिसेल, तिने होडीत बसून पल्याड जायचं आणि चारचौघांत म्हणायचं, तुमची होळी आमच्या होळीपेक्षा उंच. हे नुसतं सांगतानाही मंजुळाने कानांवर हात ठेवले. गावातल्या धाकूची म्हातारी आई तलफेने डोकं बांधून अंथरुणाला खिळली, देवाला नाही नाही ते बोलली, पण पल्याड गेली नाही.

शुभदा ओट्यावर टेकली. वर्षभराचं काम या बायकांनी ईर्ष्येपायी मातीत घातलं होतं, आणि वर त्यांची तोंडं बरी झाली म्हणून आनंद मानायचा होता. तिचे डोळे भरून आले. ते मात्र हौसाबाईला बघवेना.

"बाय, आमच्यामुले तुजे पैसे जातान काय?"

शुभदाने होकारार्थी मान हलवली.

"मंग एवढा काय त्यात. उद्यापासून लावतो परत. साहेबाला चार दिसांनी बोलव."

"उद्या कशाला," चंद्रभागा घाईने म्हणाली. "मी आत्ताच भाजाय घेते."

ओळीत एकदम उत्साह पसरला. दोघीतिघी तर उठल्याही. शुभदाच्या जिभेवर 'बरं' आलं होतं, हे तिने पुढे जन्मभर कुणाला कळू दिलं नाही. ती मोठ्याने "बसा खाली" म्हणाली, आणि बायका मुकाट बसल्या. चंद्रभागा जरा नाराजीने.

त्र्यंबकराव जीपकडे निघाले. शुभदा मागोमाग गेली. दार उघडून ते आत बसले, टॉर्च मांडीवर ठेवला आणि विचारलं, "शहाडपर्यंत किती गावं म्हणालात?"

"बावीस. पण आता..."

"सगळी घ्या. पैसे ट्रस्ट देईल. पडदा आणि चित्रांचं यंत्र मात्र विकून टाका."

"मग गावांना सांगायचं काय?"

"प्रत्येक गावाला एवढंच सांगायचं," त्र्यंबकराव म्हणाले, "की भाषण आहे, पण ते शेजारच्या गावाला."