खदान : भाग दोन

"अंकल, पहला पार्ट कहीं सुनने मिलेगा क्या?" लोकेशने विचारलं आणि मोबाइल टिकारामच्या तोंडासमोर धरला.

टिकाराम गिटारची खुंटी पिळत होता. "नाही मिळत बाबू. कुठंच नाही मिळत."

"आपके पास भी नहीं?"

"माह्यापाशी असता तं तुले नसता देला?"

लोकेश बालाघाटच्या एका यूट्यूब वाहिनीचा बातमीदार. गावभर लागलेलं पोस्टर वाचून तो आला होता: 'खदान : भाग दोन. अडतीस वर्षांनी डोमा परत येतोय.' खाली टिकाराम आणि त्याचा ड्रमवाला दोस्त महागू यांचे फोटो होते, दोघांचेही केस ताजे काळे केलेले. अल्बम महागूच्या धानाच्या गोदामात भिंतींना बारदाना टांगून रेकॉर्ड झाला होता, आणि रविवारी दुपारी तो नगरपालिकेच्या सभागृहात पहिल्यांदा वाजणार होता.

अल्बम प्रोग्रेसिव्ह रॉकचा होता; ते म्हणजे काय, ते टिकारामने सांगितलं. सगळी गाणी मिळून एकच गोष्ट, एका गाण्यातून दुसरं निघतं, मध्ये थांबणं नाही की फर्माइश नाही. गोष्ट तिरोडीच्या मँगनीज खाणीतल्या डोमाची. पहिल्या भागात तो खाली उतरला, या भागात वर येतो.

चहा घेऊन आलेल्या सीतेने, टिकारामच्या बायकोने, लगेच तोंड घातलं. "आमचं लग्नच त्या क्यासेटवर जुळलं. माह्या बापानं आईकली अन् म्हणे, पोरगा येडा हाय, पण मेहनती हाय."

बाजूला बसलेल्या महागूला चहाचा ठसका लागला. लोकेशने सीतेचं वाक्य पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.

सीता हसत बोलली खरी, पण घरात हसण्यासारखं काही नव्हतं. टिकारामचं आयुष्य लोकांच्या वरातीत दुसऱ्यांची गाणी वाजवण्यात गेलं. स्वतःचं काही वाजवायला घेतलं की पाहुणे पंगतीकडे वळत. मागल्या वर्षी याच सभागृहात त्याने आपलं नवंकोरं वाजवलं, तेव्हा सहा माणसं आली, त्यातली दोन पंख्याखाली झोपायला. या वेळीही लोक उठून गेले, तर गिटार विकून टाकायची, असं त्याने ठरवलं होतं. हे सीतेला सांगितलं त्या दिवशी ती जेवली नव्हती.

लोकेशची बातमी फिरली. आता बालाघाटात 'मला ठाऊक नाही' म्हणणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागतो. पत्ता विचारा, तीन जण तीन रस्ते दाखवतील, आणि तिघंही छातीठोकपणे. त्या कॅसेटच्या आठवणींना ऊत आला. एका निवृत्त हेडमास्तरांनी लिहिलं, डोमा खाणीत उतरतो तिथे मी दरवेळी रडायचो. खैरलांजीच्या एकाने लिहिलं, आमच्या बसमध्ये तीच वाजायची. कोणी तर बजावलंच की पहिल्या भागाची सर दुसऱ्याला येणं शक्य नाही. दुसरा भाग तोवर कोणीही ऐकलेला नव्हता.

रविवारी सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नाही. लांजीकडून मोटारसायकली आल्या, तिरोडीहून खाणीतली माणसं बायकापोरांसकट आली. टिकारामने पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं.

"येवढे लोक काहून आले बे?" त्याने महागूला विचारलं.

"आता वाजव चुपचाप," महागू म्हणाला.

महागूने सुरुवात केली. सात मात्रांचा ठेका, एका पायाने लंगडत चालणाऱ्या माणसासारखा. लोक एकमेकांकडे बघू लागले. पुढच्या रांगेत बसलेल्या अंजनाबाई शेजारणीला म्हणाल्या, "पयल्या भागातबी असंच होतं वो. हळूहळू समजते." शेजारणीने जाणकारासारखी मान डोलावली आणि ती मान रांगेरांगेने मागे गेली.

मग गिटार एकटीच वाजू लागली. लांब, संथ, मध्येच अडखळणारी. इथेच लोक उठायचे. मागे एक जण उठलाही, पण शेजाऱ्याने त्याला खाली ओढलं. "अबे बस, डोमा वर येऊन राह्यला!"

डोमा वर आला. त्याने आपल्या गल्लीतल्या एकेकाला नावाने हाक मारली आणि कोणी ओ दिली नाही. टिकारामचा आवाज फाटला, तरी तो गात राहिला. शेवटच्या हाकेला तिरोडीच्या घोळक्यातून एक म्हातारा खाणकामगार उभा राहून ओरडला, "हौ रे डोमा, हाय मी!" मग दुसरा उभा राहिला, मग सगळं सभागृह. 'हाय मी, हाय मी' एवढाच गजर, त्या लंगड्या ठेक्यावर, आणि एकाचाही ठेका चुकला नाही.

टाळ्या थांबेचनात. टिकाराम गिटार छातीशी धरून हुंदके देत रडला आणि त्याला त्याची जराही लाज वाटली नाही. सीता बाजूला उभी राहून पदराने डोळे पुसत होती.

गर्दी कमी झाल्यावर प्रियंका नावाची एक बाई स्टेजवर आली. नागपूरच्या एका संगीत कंपनीसाठी ती नवे अल्बम निवडायची. "काका, असलं काही मी ऐकलंच नव्हतं," ती म्हणाली. "आम्हाला दिवाळीला दोन्ही भाग एकत्र काढायचेत. पहिल्याची मूळ टेप असेलच ना?"

टिकारामने तोंड उघडलं.

"हौ, हाय ना," सीता मध्येच म्हणाली. "घरी हाय. धूळ-गिळ झटकाले लागन. दिवाळीच्या आत देतो."

तिघं घरी आले. सीतेने दार लावलं, सतरंजी अंथरली, त्यावर गिटार ठेवली आणि महागूला ठेका धरायला पितळेचा डबा उपडा घातला.

"बसा आता दोघंबी," ती म्हणाली. "पयला भाग अजून बनवाचा हाय."