सातवी आसरा

कालिंदा भोईण दारात आली ती रिकामी पाटी घेऊनच. "आज मासे नाहीत, बाई. चार दिवस झाले, तळ्यात एक होडी गेली नाही. काठावर शेंदूर लावून दगड मांडलेत, पाण्याच्या देवी, साती आसरा; त्यातली एक नाहीशी झालीया. सहाच उरल्यावर पाण्यात उतरायची कुणाची छाती होईना."

वसुधाबाईंनी हातातला चहा खाली ठेवला. गेल्या रविवारी काठावरच्या गोट्यांबरोबर त्यांनी एक तांबूस दगडही उचलला होता. तो तांबूसपणा त्यांना गंज वाटला होता. परसात ते सगळे दगड घासून गुळगुळीत करणारा त्यांचा हौसेचा विजेचा ड्रम अजून घरघरत होता.

"ह्यो आवाज कसला?" कालिंदाने विचारलं.

मिक्सर म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण वसुधाबाई तिला परसात घेऊन गेल्या. त्यांनी बटण बंद केलं आणि झाकण उघडलं. आतलं पाणी शेंदरी झालं होतं. दगड धुऊन त्यांनी परातीत ओतले. अठरा दगड, सगळे करडे, कडा झिजून सगळे सारखेच गुळगुळीत.

"यातलीच एक आहे," त्या म्हणाल्या. "पण कुठली, ते आता मलाही सांगता येत नाही."

कालिंदा परातीवर वाकली. एकही दगड तिने उचलून पाहिला नाही. मग खाली बसून तिने पदर पसरला.

"सगळ्या घाला ओटीत. ओळखू येईना म्हणून देवीला मागं ठेवायचं व्हय?"